धोक्याच्या घंटेचे विभाजन : काळाची गरज

बँकेच्या शाखेत पाऊल टाकणाऱ्या ग्राहकाच्या नजरेस रोखपालाची खिडकी, व्याजदरांचा फलक आणि चौकशीचे टेबल या गोष्टी प्रथम पडतात. छताजवळच्या कोपऱ्यात बसविलेला मुठीएवढा पांढरा डबा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दाराच्या चौकटीवरील बोटभर लांबीची चुंबकपट्टी तर कर्मचाऱ्यांच्याही विस्मरणात गेलेली असते. तथापि सायंकाळी शाखेला कुलूप लागल्यानंतर तिजोरीतील रोकड, तारण ठेवलेले सोने आणि लॉकरमधील दागिने यांची राखण हीच निःशब्द उपकरणे करीत असतात. ती जागी आहेत की झोपलेली, आणि त्यांना जागे करण्याचा वा निजविण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती आहे, हे दोन प्रश्न म्हणूनच बँकेइतकेच ग्राहकाच्याही जिव्हाळ्याचे आहेत.

अनेक कार्यालयांत व घरांत आजही या प्रश्नांचे उत्तर फार सोपे असते. सारी यंत्रणा एका बटणावर चालते. बटण दाबले की सर्व चालू, पुन्हा दाबले की सर्व बंद. ही सोय वरवर सुटसुटीत वाटली तरी तीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. धोक्याच्या घंटेचे क्षेत्र एकसंध न ठेवता त्याचे स्वतंत्र विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागाचे नियंत्रण त्या विभागाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडेच असावे, हा विचार वाचकांपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेळ्ळंदूरचे चित्र

बेंगळुरूच्या आग्नेय दिशेस वसलेले बेळ्ळंदूर हे एके काळी तलावाकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. बाह्य वळण रस्ता झाला, त्याच्या कडेने इकोस्पेस, इकोवर्ल्ड यांसारखी माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली आणि पाहता पाहता या गावाचे गजबजलेल्या उपनगरात रूपांतर झाले. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथील गृहसंकुलांत स्थिरावली आहेत. येथे एकाच इमारतीत तळमजल्यावर बँक, तिच्या शेजारी औषधांचे दुकान, वरच्या मजल्यावर व्यायामशाळा आणि त्याहून वर वसतिगृह असे चित्र सर्रास दिसते. भिंत एक, छत एक, पण वापरणारे अनेक आणि प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या. पहाटे पाचला व्यायामशाळा उघडते, रात्री बारालाही वसतिगृहाचा जिना जागा असतो. अशा वस्तीत ‘इमारत बंद झाली’ असा क्षण दिवसभरात येतच नाही. मग इमारत पूर्ण बंद झाल्यावरच काम करू शकणारी घंटा येथे कितपत उपयोगी पडणार?

बँकेच्या शाखेतही हीच स्थिती लहान प्रमाणावर आढळते. सकाळी सफाई कामगार येतो तेव्हा त्याला फक्त सभागृहात प्रवेश हवा असतो. एटीएमच्या दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाला यंत्रामागील खोलीपुरतेच काम असते. वार्षिक हिशेबाच्या दिवसांत दोन-तीन कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांना आपली टेबले व संगणक एवढेच पुरेसे असते. यांपैकी कोणालाही स्ट्राँगरूमशी काही कर्तव्य नसते. परंतु यंत्रणा एका बटणावर असेल तर यांच्यापैकी प्रत्येकाच्या येण्याबरोबर स्ट्राँगरूमची राखणही निजते. सभागृह झाडण्यासाठी तिजोरीचा पहारा उठवावा लागावा, यासारखी विसंगती दुसरी कोणती असेल!

झोन आणि विभाग

येथे दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अलार्म बसविणारे तंत्रज्ञ ‘झोन’ आणि ‘पार्टिशन’ असे दोन शब्द वापरतात आणि ग्राहक बहुधा ते एकाच अर्थाने घेतो. झोन म्हणजे पॅनलला जोडलेले एक संवेदनस्थान : मुख्य दाराचा चुंबक हा एक झोन, सभागृहातील हालचाल टिपणारा डबा हा दुसरा, स्ट्राँगरूमच्या भिंतीचे कंप टिपणारे यंत्र हा तिसरा. कोणत्या ठिकाणी काही घडले, हे झोन सांगतो. पार्टिशन, म्हणजे या लेखापुरता ‘विभाग’, हा अशा अनेक झोनचा गट असतो आणि तो इतर गटांना स्पर्श न करता स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येतो. सोळा झोनचे पॅनल बसविले म्हणजे सुरक्षा सोळा भागांत विभागली गेली, असा समज करून घेणे चुकीचे आहे. सोळाही झोन एकाच संकेतांकाने एकदम बंद होत असतील तर नियंत्रणाच्या दृष्टीने तो एकच विभाग होय.

विभाग पाडलेल्या पॅनलमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा संकेतांक ठराविक विभागांपुरताच चालतो. सफाई कामगारासोबत शाखा उघडणाऱ्या शिपायाच्या संकेतांकाने सभागृह बंद होईल, पण स्ट्राँगरूमचा लाल दिवा तसाच राहील. एटीएमच्या खोलीसाठी वेगळा संकेतांक असेल. शिवाय कोणता विभाग कोणी, किती वाजता बंद केला व पुन्हा केव्हा चालू केला, याची नोंद पॅनलच्या स्मृतीत राहते. दोन, चार किंवा आठ विभाग करता येणारी पॅनल बाजारात सहज उपलब्ध आहेत. कित्येक ठिकाणी तर अशी सोय असलेले पॅनल भिंतीवर आधीच बसविलेले असते. ते विभागून घेण्याचे काम तेवढे कोणी केलेले नसते.

सामायिक जागेसाठीही या यंत्रणेत एक चांगली योजना आहे. दोन कार्यालयांची प्रवेशिका एकच असेल तर ती ‘सामायिक विभाग’ म्हणून ठरविता येते. दोन्ही कार्यालये बंद होऊन त्यांच्या घंटा चालू झाल्या की प्रवेशिकेची घंटा आपोआप चालू होते आणि पहिले कार्यालय उघडताच ती बंद होते. शेवटी जाणारा कोण याचा हिशेब माणसांना ठेवावा लागत नाही. बेळ्ळंदूरसारख्या भागात, जेथे एका दारातून चार आस्थापनांची माणसे ये-जा करतात, तेथे या योजनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

काही झोन मात्र कोणत्याही विभागाबरोबर बंद होऊ नयेत, अशी व्यवस्था असावी लागते. धूर टिपणारे यंत्र, रोखपालाच्या पायाशी असलेले संकटाचे बटण आणि खुद्द पॅनलचे झाकण उघडल्यास इशारा देणारा स्पर्शक हे चोवीस तास जागे असले पाहिजेत. आगीला कार्यालयीन वेळ नसते आणि दरोडेखोर तर भर दुपारी, घंटा बंद असतानाच येतो.

जुनीच शहाणीव

विभाजनाची ही कल्पना परदेशी यंत्रांबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे एकस्व अमेरिकेत ऑगस्टस पोप यांना १८५३ मध्ये मिळाले, हे खरे. परंतु राखण वाटून देण्याचे तत्त्व आपल्या मातीत त्याहून जुने आहे. राजगडाची रचना पाहावी. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्यभागी स्वतंत्र दरवाजाचा बालेकिल्ला. एखादी माची शत्रूच्या हाती गेली तरी बालेकिल्ला झुंजू शकेल, अशी ती योजना आहे. गडावरील अधिकारही असेच वाटलेले असत. हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांची कामे वेगळी होती व कोणा एकाच्या मर्जीने गड शत्रूच्या स्वाधीन होऊ नये अशी दक्षता त्यात होती. मोठ्या गडावर तटाच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे तटसरनोबत नेमले जात. तटाच्या कोणत्या भागाचा जाब कोणाला विचारावयाचा, हे आधीच ठरलेले असे.

बँकेतील संयुक्त अभिरक्षेची पद्धत याच शहाणपणावर उभी आहे. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे असतात आणि दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती तपासावी, हा आपल्या दैनंदिन व्यवहाराचा पायाच आहे. असे असता, किल्लीच्या बाबतीत इतकी काटेकोर असणारी संस्था घंटेच्या बाबतीत मात्र एकाच संकेतांकावर विसंबून राहिली तर ती दोन किल्ल्यांची शिस्त एका बाजूने पाळते व दुसऱ्या बाजूने मोडते, असे म्हणावे लागेल. जो स्ट्राँगरूम एकटा उघडू शकत नाही, त्याने तिची घंटाही एकट्याने बंद करू नये, एवढाच माझा साधा आग्रह आहे.

तीन घटना, तीन धडे

अलीकडच्या काळातील तीन घटना या संदर्भात विचार करण्याजोग्या आहेत. विभाजन असते तर त्या टळल्याच असत्या, असे विधान करण्याचा हेतू नाही. त्यांतून राखणीच्या कोणत्या बाजू उघड्या पडतात, एवढेच पाहावयाचे आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतील सुमारे तीस लॉकर फोडले गेले. चोरट्यांनी जवळचाच एक गाळा भाड्याने घेतला, त्यात दुकान थाटले आणि तेथून भुयार खणून ते थेट लॉकरच्या खोलीत निघाले. सोमवारी, १३ नोव्हेंबर रोजी शाखा उघडल्यावर हा प्रकार उघडकीस आला. आदल्या दोन दिवशी दुसरा शनिवार व रविवार अशी जोडून सुट्टी होती. सर्व राखण दाराकडे तोंड करून उभी असेल तर जमिनीखालून येणाऱ्याला ती अडवू शकत नाही, हा येथला धडा. स्ट्राँगरूम हा स्वतंत्र विभाग मानला की तिच्या सहाही बाजूंचा, म्हणजे चार भिंती, छत आणि जमीन यांचा, वेगळा विचार करणे भाग पडते. कंप टिपणारे यंत्र कोठे बसवावे, हा प्रश्न मग आपोआप समोर येतो.

दुसरी घटना कर्नाटकातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या विजयपूर जिल्ह्यातील. मनगुळी येथील बँकशाखेतून मे २०२५ मध्ये सुमारे ५९ किलो सोने चोरीस गेले. ही चोरी २३ ते २५ मे या दिवसांत झाली आणि त्यांतील २४ मे हा चौथा शनिवार होता. पुढील महिन्यात पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत त्याच शाखेचा, काही दिवसांपूर्वीच बदली झालेला व्यवस्थापक होता आणि बनावट किल्ल्यांचा वापर झाल्याचे पोलिसांनी सांगितले. न्यायालयाचा निर्णय हा न्यायालयाचा विषय आहे. तथापि आपल्यापुरता बोध स्पष्ट आहे. किल्ली पदाबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत तिची प्रतिकृती होऊ शकते. संकेतांक मात्र व्यक्तीचा असतो व कार्यभार सोपविण्याच्या दिवशीच तो रद्द करता येतो. किंबहुना तो त्याच दिवशी रद्द झालाच पाहिजे. स्ट्राँगरूमच्या विभागाला स्वतःचे, मोजक्या व्यक्तींचे संकेतांक असतील तर कोणता रद्द करावयाचा हे शोधावे लागत नाही. सर्वांना ठाऊक असलेला एकच संकेतांक असेल तर तो बदलण्याचा कंटाळा केला जातो व वर्षानुवर्षे तोच चालू राहतो.

तिसरी घटना लंडनच्या हॅटन गार्डन भागातील. एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत तेथील तळघरातील सुरक्षित ठेवीच्या कोठीत चोर शिरले. विशेष म्हणजे घंटा वाजली होती. सूचना पोलिसांपर्यंत पोहोचली, परंतु तेथे जाण्याची आवश्यकता नाही असे ठरविले गेले. एक सुरक्षारक्षक येऊन बाहेरून पाहून गेला. दारे शाबूत दिसली, तेव्हा काही बिघडलेले नाही असे त्याला वाटले. चोरांनी पुढे जाड काँक्रीटच्या भिंतीला भोके पाडून ७३ पेट्या फोडल्या. घंटा असूनही ती कोठे वाजते आहे हे ऐकणाऱ्याला उमगले नाही, तर तिचे वाजणे व्यर्थ जाते. ‘इमारतीत घंटा वाजली’ आणि ‘स्ट्राँगरूमचा विभाग, उत्तरेकडील भिंत’ या दोन संदेशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला संदेश ऐकणारा मनुष्य पाल किंवा मांजर यांचा विचार करतो. दुसरा ऐकणारा किल्ल्या घेऊन निघतो.

तिन्ही घटना सुट्टीच्या दिवसांतील आहेत, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडे दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. याच दिवसांत रंगकाम, विजेची कामे, संगणकांची देखभाल असली कामे उरकली जातात. म्हणजे चोराला जे दिवस सोयीचे, त्याच दिवशी एका बटणावरची यंत्रणा बंद होण्याचा संभव अधिक असतो.

ग्राहकाचा संबंध

‘ही तर बँकेची अंतर्गत बाब झाली, ग्राहकाने त्यात लक्ष का घालावे?’ असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लॉकरच्या नियमांत आहे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकून मोकळे होता येणार नाही, असे बजावले. त्यानंतर भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी सुधारित सूचना काढल्या व त्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आल्या. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँकेचे दायित्व राहील, असे त्यांत ठरविण्यात आले. स्ट्राँगरूमच्या प्रवेशद्वाराचे चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवावे, लॉकर उघडल्यास त्याच दिवशी ग्राहकाला संदेश पाठवावा, अशाही तरतुदी त्यांत आहेत.

हे दायित्व रास्तच आहे. परंतु त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. लॉकरचे वार्षिक भाडे तीन हजार रुपये असेल तर शंभर पट म्हणजे तीन लाख रुपये. सोन्याचे आजचे भाव पाहता एका साध्या कुटुंबाच्या लॉकरमध्येही त्याहून कितीतरी अधिक मोलाचा ऐवज असतो. आणि आजीने सुनेला दिलेली ठुशी, आईचे जुन्या घडणीचे मंगळसूत्र, वडिलांच्या हस्ताक्षरातील मृत्युपत्र यांची भरपाई कोणत्या पटीने करावयाची? नुकसानभरपाई हा अपयशानंतरचा उपाय आहे. ग्राहकाला हवी असते ती आपली वस्तू. म्हणून आपल्या शाखेत स्ट्राँगरूमची घंटा स्वतंत्र आहे काय, असे आदरपूर्वक विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि या प्रश्नाचे स्वागत करणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. संकेतांक, वेळा, उपकरणांच्या जागा हा तपशील अर्थातच कोणी विचारू नये व कोणी सांगूही नये.

घराघरांतील घंटा

हा विचार बँकेच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही. बेळ्ळंदूरच्या सदनिकांत व स्वतंत्र बंगल्यांत घरगुती अलार्म बसविण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. पतीपत्नी दोघे दिवसभर बाहेर, मुले शाळेत आणि गावाकडून आलेले आईवडील घरात, असे अनेक घरांचे वेळापत्रक असते. हौसेने अलार्म बसविला जातो. पहिल्याच आठवड्यात आई पहाटे उठून देवघराकडे जाते आणि भोंगा साऱ्या मजल्याला जागे करतो. शेजारी काही बोलत नाहीत, पण त्यांचे चेहरे बोलतात. दुसऱ्या आठवड्यात वडील रात्री पाणी पिण्यास उठतात आणि तोच प्रकार घडतो. तिसऱ्या आठवड्यापासून यंत्रणा कायमची बंद राहते. पैसे खर्च झाले, भिंतीवर डबा आला, दारावर कंपनीची पट्टीही लागली. राखण मात्र शून्य.

दोष आईवडिलांच्या सवयींचा नसून सारे घर एकच खोली मानणाऱ्या योजनेचा आहे. येथे बाहेरची बाजू, म्हणजे मुख्य दार, बाल्कनीची सरकती दारे आणि खिडक्या, हा एक विभाग व आतील हालचाल टिपणारी उपकरणे हा दुसरा विभाग असावयास हवा. रात्री पहिला चालू, दुसरा बंद. सर्वजण बाहेरगावी गेले की दोन्ही चालू. लहान पॅनलमध्येही ‘घरी आहोत’ आणि ‘बाहेर आहोत’ अशा दोन अवस्था ठेवण्याची सोय असते. तिचा उपयोग करावयास हवा. तळमजल्यावर सनदी लेखापालाचे वा डॉक्टरांचे कार्यालय आणि वर निवास असेल तर दोन्हींचे विभाग अवश्य वेगळे असावेत. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मुख्य संकेतांक देण्याऐवजी त्यांचा स्वतंत्र संकेतांक असावा आणि तो दागिन्यांच्या कपाटाची खोली वगळून उरलेल्या भागापुरता चालावा. यात मावशींवर अविश्वास दाखविण्याचा भाग नाही. उद्या काही अघटित घडले तर पॅनलची नोंदच त्यांच्या निर्दोषपणाची साक्ष देईल. अधिकार मर्यादित असला की संशयही मर्यादित होतो, हे बँकेत काम करणारा प्रत्येकजण जाणतो.

आक्षेप आणि सावधगिरी

या सूचनेवर काही रास्त आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, चार-पाच कर्मचाऱ्यांच्या लहान शाखेत इतके विभाग व इतके संकेतांक सांभाळणार कोण? हा आक्षेप मला मान्य आहे. विभागांची संख्या यंत्राच्या क्षमतेवरून ठरवू नये. ती माणसांच्या क्षमतेवरून ठरवावी. लहान शाखेला सभागृह, स्ट्राँगरूम आणि एटीएमची खोली असे तीन विभाग पुरेसे आहेत. आठ विभाग पाडून आठही संकेतांक एकाच कागदावर लिहून खणात ठेवले, तर विभाजनाचा देखावा तेवढा होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एक बटण असते तेव्हा ते दाबले की नाही एवढेच पाहावे लागते. विभाग पाडले की एखादा विभाग चालू करावयाचा राहून जाण्याचा धोका निर्माण होतो. हे खरे आहे आणि त्यावर उपाय करणे अनिवार्य आहे. ठराविक वेळेनंतर प्रत्येक विभाग आपोआप चालू होईल अशी योजना पॅनलमध्ये करावी. बाहेर पडण्याच्या दाराशी सर्व विभागांची स्थिती दाखविणारे दिवे असावेत. शाखा बंद करतानाच्या नोंदवहीत प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र स्वाक्षरी असावी. सोय असेल तर स्ट्राँगरूमचा विभाग रात्री व सुट्टीच्या दिवशी योग्य संकेतांकानेही बंद होऊ नये, असे वेळेचे बंधन घालावे.

तिसरी बाब नादुरुस्त झोन वगळण्याची. एखादे उपकरण विनाकारण घंटा वाजवू लागले की त्या झोनला वगळून बाकीची यंत्रणा चालू ठेवता येते. ही सोय एका रात्रीपुरती ठीक. परंतु वगळलेला झोन पुढे विसरला जातो आणि राखणीला कायमचे भगदाड पडते. ज्या दिवशी झोन वगळला त्याच दिवशी दुरुस्तीची मागणी लेखी गेली पाहिजे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या जागी माणसाचा पहारा असला पाहिजे.

विजेचा व पाण्याचाही विचार हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या अतिवृष्टीत बेळ्ळंदूर व बाह्य वळण रस्त्याचा परिसर जलमय झाला होता. इकोस्पेससारख्या संकुलातही पाणी भरले होते. अशा भागात अलार्मचे पॅनल व बॅटरी तळघरात किंवा जमिनीलगत बसविणे म्हणजे पहारेकऱ्याला खड्ड्यात उभे करण्यासारखे आहे. पॅनल उंचावर असावे, बॅटरी वेळोवेळी तपासलेली असावी आणि संदेश जाण्याचे मार्ग किमान दोन असावेत. एक तार तुटली वा एक मोबाईल जाळे बंद पडले तरी दुसऱ्या मार्गाने इशारा पोहोचला पाहिजे.

अखेरची सावधगिरी माणसाच्या जिवाविषयी. कोणी धाक दाखवून घंटा बंद करावयास लावले तर ‘दबावाचा संकेतांक’ वापरण्याची सोय बहुतेक चांगल्या पॅनलमध्ये असते. तो दाबला की विभाग बंद झाल्यासारखा दिसतो, पण गुप्त इशारा बाहेर जातो. हा संकेतांक प्रत्येक अधिकृत कर्मचाऱ्याला ठाऊक असावा व त्याचा सरावही व्हावा. तिजोरीपेक्षा माणूस मोलाचा आहे, हे कोणत्याही सुरक्षायोजनेत प्रथम लिहिलेले असावे.

उपसंहार

सारांश, घंटेचे विभाजन हा तारांचा व दिव्यांचा प्रश्न जितका आहे त्याहून अधिक तो उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. सर्वांची म्हणून असलेली राखण प्रत्यक्षात कोणाचीच नसते. विभाग पाडताच प्रत्येक भिंतीला, दाराला आणि तिजोरीला एक नाव मिळते. ती कोणाच्या स्वाधीन आहे हे ठरते व ती व्यक्ती कोठे चुकली वा कोठे निर्दोष होती हेही नोंदीवरून कळते. प्रामाणिक कर्मचाऱ्याला तर ही व्यवस्था ओझे न वाटता कवचच वाटावी.

शाखाधिकारी बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, पुढील तपासणीच्या वेळी अलार्म वाजतो की नाही एवढेच न पाहता, सभागृह उघडे असताना स्ट्राँगरूमची घंटा चालू राहते काय, हे स्वतः उभे राहून पाहावे. बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्यांचे संकेतांक पॅनलमध्ये अद्याप शिल्लक आहेत काय, तेही तपासावे. ग्राहकांना विनंती अशी की, घरी अलार्म असेल तर तो बसविणाऱ्या तंत्रज्ञाला एकदा बोलावून रात्रीचा व बाहेरगावचा विभाग वेगळा करून घ्यावा. या कामाला बहुधा नवे यंत्र लागत नाही, फक्त अर्धा तास व थोडा विचार लागतो. येत्या दुसऱ्या शनिवारी आपल्या शाखेला व आपल्या घराला जेव्हा कुलूप लागेल, तेव्हा आतील मौल्यवान कोपरा स्वतंत्रपणे जागा असेल, एवढी निश्चिंती प्रत्येकाच्या वाट्याला यावी.